निळ्या मण्यांची पारख : लाजवर्दाचे प्राचीन दागिने कसे ओळखावेत आणि कसे जपावेत

लाजवर्द या गडद निळ्या दगडाला जवाहिरे लॅपिस किंवा लापिस लाझुली म्हणतात, तर रसशास्त्राच्या ग्रंथांत तो राजावर्त या नावाने येतो. मण्यांसाठी वापरल्या गेलेल्या सर्वांत जुन्या उपरत्नांत त्याची गणना होते. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील नवाश्मयुगीन दफनांत त्याचे मणी मिळाले आहेत, इजिप्तमध्ये राजवंशपूर्व काळातील नकादा संस्कृतीच्या थडग्यांत ते आढळतात, आणि इराकमधील ऊर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे २६०० ते २५०० या काळात, सोने, चांदी आणि तांबडा अकीक यांच्या जोडीने ते विपुल प्रमाणात वापरलेले दिसतात. या इतिहासामुळेच ‘प्राचीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निळ्या माळांना मागणी असते आणि वारशाने आलेली एखादी माळ किती जुनी असावी, असा प्रश्न घरोघरी पडतो.

या प्रश्नात प्रत्यक्षात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत: दगड कोणता आहे, मणी केव्हा घडवला गेला आणि माळ केव्हा व कोणी ओवली. पहिल्याचे उत्तर रत्नपरीक्षेतून मिळते, दुसऱ्याचे उत्तर मण्याच्या घडणीतून काही अंशी मिळते, आणि तिसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा फक्त उत्खननाच्या किंवा मालकीच्या लेखी नोंदींतूनच मिळू शकते. दगड खरा ठरला म्हणजे दागिना प्राचीन ठरला, असा समज सर्रास आढळतो आणि खरेदीतील बहुतेक फसगती त्यातूनच घडतात; म्हणून हे तीनही प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवून, याच क्रमाने तपासणे हिताचे ठरते.

दगडाचे स्वरूप

लाजवर्द हे एकच खनिज नसून अनेक खनिजांनी बनलेला खडक आहे, ही गोष्ट पारख करताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. त्याचा निळा रंग लाझुराइट या खनिजामुळे येतो आणि या खनिजाच्या स्फटिकरचनेत अडकलेले गंधकाचे तीन-तीन अणूंचे गट त्या रंगाचे मूळ कारण असतात. लाझुराइटच्या जोडीला पांढरे कॅल्साइट, सोनेरी चमकीचे पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग, आणि डायोप्साइडसारखी इतर खनिजे कमी-अधिक प्रमाणात असतात, त्यामुळे एकाच खाणीतल्या दोन तुकड्यांचा रंगही सारखा असेलच असे नाही. मोहस मापनश्रेणीवर, म्हणजे एका दगडाने दुसऱ्यावर ओरखडा उठतो की नाही यावरून ठरवलेल्या कठीणपणाच्या मापावर, लाजवर्द साधारण ५ ते ५.५ वर येतो आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.७ ते २.९ इतके असते. नीलम हे रत्न याच मापनश्रेणीवर ९ वर आहे, ते पारदर्शक असते आणि त्याचा लाजवर्दाशी रंगापलीकडे काहीही संबंध नाही.

प्राचीन जगात या दगडाचा प्रमुख पुरवठा अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतातून, कोकचा नदीच्या खोऱ्यातील सर-ए-संग येथील खाणींतून होत असे. तिथून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेवर, आजच्या इराणमधील शहर-ए-सोख्ता येथे, दगडातला नको असलेला पांढरा भाग काढून टाकण्याचे आणि मणी घडवण्याचे काम चाले, हे तिथे सापडलेल्या अवजारांवरून आणि टाकाऊ कपच्यांवरून स्पष्ट झाले आहे. तर हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी कोकचा आणि आमू दर्या यांच्या संगमाजवळ शोर्तुगाई येथे आपली वसाहतच उभारली होती. महाराष्ट्राशीही या दगडाचा निश्चित संबंध आहे: अजिंठ्याच्या वाकाटककालीन चित्रांतील निळ्या रंगासाठी लाजवर्दाची पूड वापरलेली आहे, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात हा दगड सह्याद्रीच्या कुशीपर्यंत पोहोचत होता.

हा भूगोल खरेदीदाराच्या उपयोगाचा आहे, कारण बदख्शानच्या खाणींतून आजही दगड निघतो. साडेचार हजार वर्षांपूर्वी ऊरच्या राणीच्या अंगावर असलेला मणी आणि अलीकडे बाजारासाठी कापलेला मणी हे दोन्ही त्याच डोंगरातले असू शकतात, त्यामुळे ‘दगड अस्सल अफगाणी आहे’ असे प्रयोगशाळेने सांगितले तरी मण्याच्या वयाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

दगड खरा की नकली

पहिली तपासणी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, दिवसाच्या उजेडात करावी. खऱ्या लाजवर्दाचा निळा रंग जागोजागी कमी-जास्त गडद असतो, पांढरे कॅल्साइट ढगांसारखे किंवा शिरांच्या रूपात पसरलेले असते आणि पायराइटचे कण वेगवेगळ्या आकारांचे, कोनदार आणि विस्कळीत मांडणीचे असतात. सगळीकडे सारख्या आकाराची आणि सारख्या अंतरावर पसरलेली चमकी दिसल्यास काच किंवा भुकटीपासून बनवलेला दगड असण्याची शक्यता मोठी असते. पायराइट अजिबात नसलेला लाजवर्दही मिळतो, त्यामुळे केवळ चमकी नाही म्हणून मणी नाकारू नये.

बाजारात लाजवर्दाच्या नावाने खपणाऱ्या पदार्थांत सोडालाइटचा क्रमांक वरचा आहे. हे खनिज लाझुराइटच्याच कुळातले असले तरी त्याच्या निळ्यात जांभळी झाक असते, पायराइट क्वचितच असते आणि विशिष्ट गुरुत्व २.३ च्या आसपास असल्याने तेवढ्याच आकाराचा मणी हाताला हलका लागतो. हाउलाइट आणि मॅग्नेसाइट या पांढऱ्या, सच्छिद्र खनिजांना निळा रंग देऊन केलेले मणी स्वस्त माळांत आढळतात, आणि त्यांच्या भोकाच्या कडेला किंवा तड्यांत रंग साचून अधिक गडद झालेला असतो. निळा रंग दिलेला जास्पर ‘स्विस लॅपिस’ किंवा ‘जर्मन लॅपिस’ या नावाने विकला जातो. याखेरीज फ्रान्समधील जिल्सन यांच्या पद्धतीने बनलेला कृत्रिम दगड, कोबाल्टने रंगवलेले कृत्रिम स्पिनेल, तसेच लाजवर्दाची भुकटी राळेत घट्ट करून बनवलेले मणीही प्रचलित आहेत. हलक्या प्रतीच्या खऱ्या लाजवर्दालाही रंग देऊन किंवा मेण चोळून अधिक निळे दाखवण्याची पद्धत आहे.

नव्या मालाच्या बाबतीत ॲसिटोनमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा भोकाजवळ हलकेच फिरवून रंग सुटतो का, हे पाहता येते. मात्र मणी प्राचीन असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर ही चाचणी करू नये, कारण उत्खननातून आलेल्या वस्तूंवर त्या टिकाव्यात म्हणून मेण किंवा इतर द्रव्ये लावलेली असू शकतात आणि त्यांपैकी काही ॲसिटोनने विरघळतात. आम्लाचा थेंब टाकून सडक्या अंड्यासारखा वास येतो का हे पाहण्याची, तापवलेली सुई टोचण्याची किंवा ओरखडा काढण्याची जुनी रीत तर सर्वथा टाळावी; या चाचण्या दगडाची ओळख पटवतात, पण तो खराबही करतात. त्यांच्याऐवजी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत रामन वर्णपटमापन, म्हणजे लेझर प्रकाशाच्या विखुरण्यावरून खनिज ओळखण्याची पद्धत, वापरून घ्यावी, कारण तीत नमुना काढावा लागत नाही.

प्राचीन काळातही लाजवर्दाच्या नकला होत असत, हे येथे आवर्जून नमूद करणे आवश्यक आहे. तांबे, चुना आणि वाळू तापवून तयार केलेली ‘इजिप्शियन निळाई’, गारेच्या पुडीवर निळी झिलई चढवून बनवलेले फायान्स आणि निळी काच यांचे मणी इजिप्त आणि मेसोपोटेमियात मुबलक होते, आणि अक्कादी भाषेतील लेखांत ‘डोंगरातला’ लाजवर्द आणि ‘भट्टीतला’ लाजवर्द असा भेद स्पष्ट केलेला आहे. म्हणून तपासणीत मणी काचेचा किंवा फायान्सचा निघाला तर तो ताबडतोब टाकाऊ समजू नये. योग्य नोंदी असतील तर असा मणी इतिहासाच्या दृष्टीने खऱ्या दगडाइतकाच मोलाचा असतो.

मण्याचे वय : भोक, कडा आणि पृष्ठभाग

मण्याच्या घडणीचा सर्वांत बोलका पुरावा त्याच्या भोकात असतो. शहर-ए-सोख्ता येथील कारागीर दगडावर गारगोटीच्या पात्याने खाच पाडून तो फोडत, तुकडे घासून आकार देत आणि गारगोटीच्या बारीक टोच्यांनी भोक पाडत. अशा टोच्याने पाडलेले भोक तोंडाशी रुंद आणि आत निमुळते होत जाते, शिवाय लांब मण्यात ते दोन्ही टोकांकडून पाडलेले असल्याने मध्यभागी, जिथे दोन्ही भोके मिळतात तिथे, लहानशी पायरी किंवा किंचित वाकलेली रेषा दिसते. आजच्या हिरकणी लावलेल्या यांत्रिक सुईचे भोक याउलट सरळ आणि सर्वत्र एकाच व्यासाचे असते आणि त्याच्या कडा धारदार असतात. संशोधक भोकात सिलिकोन रबर भरून त्याचा ठसा काढतात आणि तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, म्हणजे अवजाराने उमटवलेल्या वर्तुळाकार रेघा वाचता येतात. घरच्या तपासणीसाठी बारीक विजेरी आणि भिंग पुरेसे होते.

दीर्घकाळ वापरलेल्या मण्याच्या भोकाची कड दोऱ्याच्या घर्षणाने एका बाजूला गोलाकार झिजलेली असते आणि शेजारच्या मण्याला टेकणाऱ्या बाजूवर सपाट डाग पडलेला असतो. मातीत पुरल्या गेलेल्या लाजवर्दाचा पृष्ठभाग अनेकदा निस्तेज आणि भुरकट होतो, आणि पायराइट गंजून त्याजागी तपकिरी डाग किंवा लहान खड्डे उरतात. या खुणा बनावट करणे शक्य असल्याने त्यांची संगती पाहावी लागते: आम्लात बुडवलेला मणी सगळीकडे सारखाच निस्तेज दिसतो, गोंदात कालवून भरलेली माती कोपऱ्यांखेरीज उघड्या भागावरही चिकटलेली असते, आणि डब्यात फिरवून झिजवलेल्या मण्याच्या सर्व कडा एकसारख्या गोल झालेल्या असतात.

आकारावरून काळ ठरवण्याचा मोहही आवरावा. पिंपाकृती, चकतीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते आणि खरबुजाच्या फोडींसारखे खाचा असलेले मणी अनेक शतके, अनेक प्रदेशांत होत राहिले, म्हणून एकट्या आकाराला तारीख जोडता येत नाही. मण्यांच्या आकारांचे शास्त्रीय वर्गीकरण होरेस बेक यांनी १९२८ मध्ये मांडले आणि आजही बहुतेक उत्खनन अहवाल त्याचाच आधार घेतात. भारतीय मण्यांच्या अभ्यासात मोरेश्वर गंगाधर दीक्षित आणि शांताराम भालचंद्र देव या दोन महाराष्ट्रीय पुरातत्त्वज्ञांचे काम मूलभूत आहे. जुन्या मण्यांना पुन्हा भोक पाडणे, त्यांना नव्याने घासणे आणि नव्या दागिन्यात वापरणे हेही प्राचीन काळापासून चालत आले असल्याने, घडणीचे पुरावे ‘जुना असू शकेल’ एवढेच सांगतात, नेमके शतक सांगत नाहीत.

माळ कोणी ओवली

दोरा कापसाचा, रेशमाचा किंवा लोकरीचा असो, मातीत तो सहसा कुजून जातो आणि उत्खननात हाती येतात ते सुटे मणी. लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात ऊर येथे उत्खनन केले, तेव्हा मणी मातीत ज्या क्रमाने पडले होते तो क्रम त्यांनी बारकाईने नोंदवला, आणि नाजूक रचना जशीच्या तशी उचलता यावी म्हणून मेण आणि कापड वापरले. राणी पुआबी हिच्या थडग्यातील खांद्यांपासून कमरेपर्यंत लोंबणारे मण्यांचे आच्छादन आज पाहता येते ते या नोंदींमुळेच. तरीसुद्धा लाजवर्दाच्या बारीक मण्यांवर सोन्याचे प्राणी आणि वनस्पती बसवून वूली यांनी पुआबीचा जो एकसंध शिरपट्टा जुळवला होता, तो मुळात अनेक वेगळ्या सरांचा असावा, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. इतक्या काटेकोर उत्खननातही ओवणीबद्दल फेरविचार करावा लागतो, तर कोणतीही नोंद नसलेल्या बाजारातील माळेच्या क्रमावर किती विसंबावे, हे उघड आहे.

म्हणून अखंड, डौलदार आणि नव्या दोऱ्यात ओवलेली ‘प्राचीन माळ’ समोर आली की मणी जुने असले तरी माळ आधुनिक आहे, असेच गृहीत धरून चालावे. विक्रेत्याने मणी एकाच ठिकाणचे असल्याचा दावा केला तर भोकांचे व्यास, कडांची झीज आणि पृष्ठभागाचा रंग सर्व मण्यांत सुसंगत आहे का, हे तपासावे. त्यात मोठी तफावत असेल तर मणी निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करून माळ भरलेली असते. संग्रहालयात दागिना पाहतानाही त्याखालील पट्टीवर उत्खननाचा किंवा थडग्याचा क्रमांक आहे का आणि माळ पुन्हा ओवल्याचा उल्लेख आहे का, हे वाचण्याची सवय लावून घ्यावी. ऊरचे दागिने लंडनचे ब्रिटिश म्युझियम, फिलाडेल्फियाचे पेन म्युझियम आणि बगदादचे इराक म्युझियम यांच्यात वाटले गेले आहेत, आणि हडप्पा संस्कृतीचे मणी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहता येतात.

खरेदी, वारसा आणि कायदा

भारतात १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा शंभर वर्षांहून जुन्या दागिन्यांनाही लागू होतो. या कायद्यानुसार अशा वस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे, त्यांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि अवैध निर्यातीसाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. जुन्या धाटणीचा परंतु नवा दागिना परदेशी न्यायचा असल्यास तो पुरावशेष नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा दाखला आधीच मिळवावा. शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना मणी अथवा दागिने सापडल्यास १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक ठरू शकते. तसे करताना मणी न धुता, सापडले त्या जागेचे छायाचित्र काढून, आजूबाजूची माती न उकरता ठेवावेत.

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा आखाती देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी आणखी एक काळजी घ्यावी. इराकमधून ६ ऑगस्ट १९९० नंतर बेकायदा बाहेर गेलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००३ च्या ठराव १४८३ द्वारे बंदी घातली आहे, आणि २०१५ च्या ठराव २१९९ ने सीरियातील वस्तूंनाही तशीच बंदी लागू केली. लाजवर्दाचे ‘सुमेरी’ किंवा ‘मेसोपोटेमियन’ मणी म्हणून जे विकले जाते ते नकली असेल तर पैसे जातात आणि खरे असेल तर ते लुटीचे असण्याचा धोका असतो, म्हणून अशा वस्तूसाठी जुना संग्रह, जुने बिल, छापील लिलावसूची किंवा तारखेचे छायाचित्र यांपैकी काही कागद मागावा. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० मध्ये झाला असल्याने अनेक संग्रहालये त्या वर्षापूर्वीचा पुरावा मागतात, आणि खाजगी खरेदीदारानेही तोच निकष लावणे योग्य. ‘एका जुन्या घराण्याकडून’ एवढेच सांगणारे पत्र पुरावा ठरत नाही.

हाताळणी आणि जतन

लाजवर्दातील कॅल्साइट आणि लाझुराइट या दोन्हींवर आम्लाचा परिणाम होतो, त्यामुळे चांदी-सोने उजळण्यासाठी घरात वापरले जाणारे चिंच आणि लिंबू लाजवर्दाच्या मण्यांना कधीही लावू नये. रिठ्याचे पाणी, साबण, वाफेची स्वच्छता आणि सोनाराकडील अल्ट्रासोनिक यंत्र हेही टाळावे. धूळ झाडण्यासाठी मऊ, कोरडा कुंचला पुरेसा आहे, आणि भोकातील माती काढूच नये, कारण पुढे अभ्यासकाला तीच उपयोगी पडू शकते. घाम, अत्तर आणि केसांचे तेल यांचा संपर्क नको म्हणून प्राचीन मणी अंगावर घालू नयेत.

साठवताना तांबड्या अकीकाचे मणी लाजवर्दापासून वेगळे ठेवावेत. अकीकाचा कठीणपणा ६.५ ते ७ असल्याने एकाच डबीत ते निळ्या मण्यांवर ओरखडे उठवतात. दमट हवेत पायराइट गंजते आणि त्यातून निर्माण होणारे आम्ल दगड आतून पोखरते, म्हणून कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्याच्या दिवसांत घट्ट झाकणाच्या पॉलिथिनच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. मणी आम्लविरहित कागदात गुंडाळावेत. पीव्हीसीच्या पिशव्या, कच्च्या लाकडाचे खण आणि डांबरगोळ्या यांतून निघणारी वाफ अपायकारक असल्याने ती जवळ येऊ देऊ नये. जुना दोरा जीर्ण झाला असेल तर ओवणी सोडण्यापूर्वी माळेचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढावे, मण्यांचा क्रम कागदावर रेखाटावा, काढलेला दोरा पाकिटात जपून ठेवावा आणि नव्याने ओवताना दोन मण्यांमध्ये गाठ मारावी, म्हणजे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळे विखुरत नाहीत.

नोंदवही

संग्राहकाने किंवा वारसाने प्रत्येक माळेसाठी एक स्वतंत्र पान ठेवावे. त्यावर माळ कोणाकडून, कोठे आणि कोणत्या वर्षी आली, मण्यांची संख्या, सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मण्याची मिलिमीटरमधील लांबी-जाडी, एकूण वजन, भोकांचे वर्णन, दोरा कधी बदलला आणि कोणत्या प्रयोगशाळेने काय सांगितले, हे तारखेसह लिहावे आणि मोजपट्टी शेजारी ठेवून घेतलेले छायाचित्र जोडावे. घरातील ज्येष्ठांना माळेबद्दल जे आठवते तेही, सांगणाऱ्याच्या नावासह आणि ‘ऐकीव’ असा शेरा मारून, त्यातच नोंदवावे, कारण ऐकीव आणि लेखी माहिती सरमिसळ झाली की पुढच्या पिढीला त्यातले काहीच वापरता येत नाही.

दगड, घडण आणि ओवणी या तीन प्रश्नांपैकी पहिला प्रयोगशाळेत केव्हाही सोडवता येतो आणि दुसरा जाणकार डोळ्यांना बऱ्याच अंशी उलगडतो. तिसऱ्याची माहिती मात्र एकदा हरवली की कोणतेही यंत्र ती परत मिळवून देऊ शकत नाही. म्हणून निळ्या मण्यांवर खर्च करताना दगडाच्या रंगापेक्षा त्याच्यासोबत येणाऱ्या कागदाला अधिक किंमत द्यावी, आणि ज्या माळेला असा कागद नाही तिची नोंद आजपासून सुरू करावी.